अम्प्युटेशन आणि कृत्रिम अवयव: कागदावरच्या शब्दांचा अर्थ

डिस्चार्ज कार्डवर एखादी ओळ असते: 'राइट बीके अम्प्युटेशन, स्टंप हेल्दी.' नातेवाइकांच्या दृष्टीने त्या ओळीचा अर्थ एवढाच असतो की पाय गेला. पण 'बीके' या दोन अक्षरांत पुढच्या आयुष्याचा बराचसा हिशोब आलेला असतो. रुग्ण काठीशिवाय चालेल का, जमिनीवर बसू शकेल का, कृत्रिम पायाला किती खर्च येईल, भरपाईचा दावा केला तर किती मिळेल, हे सगळे त्यावर अवलंबून असते. म्हणून हे शब्द सहीच्या आधी समजलेले बरे.

अम्प्युटेशन म्हणजे हात किंवा पाय, पूर्ण किंवा काही भाग, शस्त्रक्रियेने काढणे. पुस्तकी मराठीत याला अंगच्छेदन म्हणतात, पण रुग्णालयात तो शब्द कोणी वापरत नाही. बारामती आणि इंदापूर भागात ही वेळ मुख्यतः चार कारणांनी येते. मधुमेहात चिघळलेली पायाची जखम, पुणे-सोलापूर महामार्गावरचा किंवा ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा अपघात, कडबाकुट्टी किंवा कारखान्यातल्या यंत्रात सापडलेला हात, आणि विडी-तंबाखूमुळे बंद पडलेल्या रक्तवाहिन्या. शेवटच्या कारणाला कागदावर 'टीएओ' किंवा 'बर्जर्स डिसीज' लिहितात. तो बहुधा चाळिशीच्या आतल्या माणसाला होतो आणि तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय कोणतेही औषध त्याला पुरे पडत नाही.

कुठून काढला: पातळीचे शब्द

अम्प्युटेशनच्या जागेला 'लेव्हल' म्हणतात. जुन्या पद्धतीत गुडघा आणि कोपर यांच्या वर की खाली एवढेच सांगत. 'बीके' म्हणजे गुडघ्याखाली, 'एके' म्हणजे गुडघ्याच्या वर. हाताला 'बीई' म्हणजे कोपराखाली आणि 'एई' म्हणजे कोपराच्या वर. आता आंतरराष्ट्रीय पद्धतीत कापलेल्या हाडाचे नाव घेतात. नडगीचे हाड म्हणजे टिबिया, म्हणून बीकेला 'ट्रान्सटिबियल'. मांडीचे हाड फीमर, म्हणून एकेला 'ट्रान्सफिमोरल'. हातासाठी 'ट्रान्सरेडियल' आणि 'ट्रान्सह्युमरल'. एका कागदावर बीके आणि दुसऱ्यावर ट्रान्सटिबियल दिसले तर घाबरू नका, गोष्ट एकच आहे.

हाड न कापता सांध्यातूनच भाग वेगळा केला तर 'डिसआर्टिक्युलेशन'. गुडघ्यातून केले तर 'नी डिसआर्टिक्युलेशन', खुब्यातून केले तर 'हिप डिसआर्टिक्युलेशन'. लहान मुलांत शक्य असेल तिथे सर्जन हीच पद्धत पसंत करतात, कारण वाढत्या वयात मधोमध कापलेल्या हाडाचे टोक पुढे वाढून त्वचेला टोचू लागते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. सांध्यातून काढल्यास तो त्रास टळतो.

पावलाचे शब्द जास्त आहेत. एक बोट काढले तर 'टो अम्प्युटेशन'. बोटाबरोबर त्यामागचे चवड्यातले लांब हाडही काढले तर 'रे अम्प्युटेशन'. चवडा आडवा कापला तर 'ट्रान्समेटाटार्सल', कागदावर 'टीएमए'. त्याच्याही मागे गेले तर 'लिसफ्रँक' आणि 'शोपार', ही दोन फ्रेंच सर्जनांची नावे. घोट्यातून पाऊल काढून टाचेची जाड कातडी खाली ओढून घेतली तर 'साइम'. एडिनबर्गच्या जेम्स साइम यांनी ही शस्त्रक्रिया १८४०च्या दशकात सुरू केली. तिचा मोठा फायदा असा की रात्री संडासला जायला कृत्रिम पाय न चढवताही त्या टोकावर टेकून चार पावले टाकता येतात.

गुडघा एवढा महत्त्वाचा का

एक पाय गुडघ्याखाली गेलेल्या माणसाला चालताना धडधाकट माणसापेक्षा सरासरी २५ टक्के जास्त ताकद लागते. गुडघ्याच्या वरून गेला असेल तर पाठ्यपुस्तके सरासरी ६५ टक्क्यांचा आकडा देतात. साठीच्या पुढच्या, हृदय आधीच थकलेल्या मधुमेही माणसासाठी हा फरक फार मोठा असतो. बीकेवाला बांधावरून जाऊन येतो, एकेवाल्याला अंगणापर्यंत पोहोचायलाच दम लागतो, असे पुष्कळदा दिसते. नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९८१ मधल्या अपघातानंतर त्यांचा पाय काढावा लागला आणि जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. त्यांच्या जिद्दीची गोष्ट सगळे सांगतात, पण त्यांचा गुडघा शाबूत होता हे सहसा कोणी सांगत नाही.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: 'गुडघा वाचेल का?' त्याला जोडून विचारा: 'पायाचा रक्तपुरवठा तपासला आहे का?' ही तपासणी 'डॉप्लर'ने होते. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब हा आकडा म्हणजे 'एबीआय'. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्याने हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, हे लक्षात असू द्या. वाहिनीत अडथळा असेल तर 'अँजिओप्लास्टी' किंवा 'बायपास' करून रक्त खाली पोहोचवता येते का, यावर व्हॅस्क्युलर सर्जनचे मत घ्या. ते बारामतीत मिळाले नाही तर पुणे शंभर किलोमीटरवर आहे. रुग्ण स्थिर असेल तर त्या मतासाठी एक दिवस घालवणे परवडते.

पण 'स्थिर असेल तर' ही अट सोडू नका. कार्डवर 'वेट गँगरीन', 'गॅस गँगरीन' किंवा 'सेप्सिस' लिहिले असेल, ताप चढत असेल, रुग्ण असंबद्ध बोलत असेल, लघवी कमी झाली असेल, तर तिथे दिवस नाही, तास मोजायचे असतात. उलट 'ड्राय गँगरीन' म्हणजे काळे, कोरडे, वास नसलेले बोट. त्याला सहसा घाई नसते. ते कधी कधी आपोआप गळून पडते, त्याला 'ऑटोअम्प्युटेशन' म्हणतात. पण ते ओले होऊ लागले, वास आला किंवा लाली वर सरकली की प्रकरण बदलले.

नातेवाईक सर्जनला विनवतात, 'डॉक्टर, थोडंसंच काढा.' ही विनवणी कळते, पण तिचा परिणाम उलटा होऊ शकतो. रक्तच न पोहोचणाऱ्या ठिकाणी कमी काढले तर जखम भरत नाही. मग आधी बोट, मग चवडा, मग पोटरी असे दर महिन्याला भूल देणे होते आणि प्रत्येक वेळी रुग्ण आणखी खंगतो. या दुसऱ्या-तिसऱ्या शस्त्रक्रियेला 'रिव्हिजन' म्हणतात. थोडे जास्त काढून एकदाच भरणारी जखम पुष्कळदा बरी. आणि गुडघा आधीच आखडून वाकडा झाला असेल, रुग्ण वर्षभर अंथरुणाला खिळलेला असेल, तर गुडघा वाचवण्याचा हट्ट धरू नये. त्या गुडघ्याचा उपयोग होत नाही आणि टोकाला जखमा मात्र होत राहतात.

दोन शब्दांनी विनाकारण धास्ती बसते. 'डिब्राइडमेंट' म्हणजे जखमेतला मेलेला, सडलेला भाग साफ करणे, ते अम्प्युटेशन नव्हे. 'गिलोटिन अम्प्युटेशन' हे नाव भयंकर आहे, पण अर्थ एवढाच की जंतुसंसर्ग फार असल्याने जखम मुद्दाम उघडी ठेवली आहे आणि काही दिवसांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत ती नीट शिवली जाईल. त्या दुसऱ्या टप्प्यात पाय आणखी थोडा वरून कापला जातो. हे आधी सांगितलेले नसेल तर 'पुन्हा कापला' म्हणून घरात संताप होतो.

स्टंप: उरलेल्या भागाची निगा

काढल्यानंतर जो भाग उरतो तो 'स्टंप'. नव्या कागदांवर 'रेसिड्युअल लिंब' असेही दिसेल, कारण स्टंप म्हणजे झाडाचा खुंट आणि तो शब्द अनेकांना बोचतो. आपल्याकडे अजून तरी सगळे स्टंपच म्हणतात.

बीकेचा चांगला स्टंप गुडघ्याच्या सांध्यापासून साधारण साडेबारा ते साडेसतरा सें.मी. लांब असतो. पाच-सहा सें.मी.पेक्षा आखूड असेल तर कृत्रिम पाय पकड घेत नाही. एकेमध्ये उलटे असते. तिथे खाली कृत्रिम गुडघ्याचा सांधा बसवायला दहा-बारा सें.मी. जागा लागते, म्हणून मांडीचे हाड अगदी गुडघ्यापर्यंत ठेवत नाहीत. 'लाँग पोस्टिरियर फ्लॅप' असे लिहिले असेल तर पोटरीचे मांस आणि कातडी पुढे आणून हाडाच्या टोकावर उशीसारखी शिवली आहे.

पहिल्या सहा आठवड्यांत घरच्यांनी केलेली कामे पुढे महागड्या पायापेक्षा जास्त उपयोगी पडतात. त्यातही सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'काँट्रॅक्चर' होऊ न देणे, म्हणजे सांधा वाकलेल्या अवस्थेत आखडू न देणे. मायेने सगळेच स्टंपखाली उशी ठेवतात. ती काढून टाका. उशीवर वाकलेला गुडघा किंवा खुबा काही आठवड्यांत तसाच आखडतो, आणि आखडलेल्या सांध्याला कृत्रिम पाय बसत नाही. बीकेच्या रुग्णाने दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत बसू नये. खुर्चीला फळी लावून गुडघा सरळ ठेवावा. जमत असेल त्याने दिवसातून दोन-तीन वेळा वीस-तीस मिनिटे पालथे झोपावे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

सूज उतरवून स्टंपला निमुळता आकार देण्यासाठी क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरके बांधतात, टोकाला घट्ट आणि वर सैल. गोल गोल वेढे दिले तर मध्ये करकोचा पडतो आणि टोक फुगते. दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधायचे. हे रोज जमत नसेल तर 'स्टंप श्रिंकर' नावाचा घट्ट मोजा मिळतो, पण तो टाके काढल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच. हळद, भस्म, शेक देण्यासाठी गरम वीट, यांतले काहीही स्टंपला लावू नका. मधुमेही रुग्णाला भाजलेले कळतच नाही.

आणि दुसरा पाय रोज बघा. मधुमेहात एक पाय गेलेल्याचा दुसरा पाय मोठ्या धोक्यात असतो, कारण सगळा भार आता त्याच्यावर आलेला असतो. तळव्यावरचे कुरूप ब्लेडने कापू नका आणि पाणी धरायला शेतात अनवाणी जाऊ नका.

नसलेला पाय का दुखतो

पाय काढल्यावरही अंगठा खाजतो, बोटे वळल्यासारखी वाटतात, याला 'फँटम सेन्सेशन' म्हणतात आणि ते बहुतेकांना होते. त्याच नसलेल्या भागात जाळ, विजेचा झटका, पेटके आले तर ते 'फँटम पेन'. 'फँटम लिंब' हा शब्द अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने १८७१ मध्ये रूढ केला. याला वेड लागणे म्हणत नाहीत आणि पायाचा आत्माही भटकत नसतो. पाय नाहीसा झाला तरी मेंदूतला त्याचा नकाशा पुसला जात नाही, एवढेच.

रुग्ण हे बोलून दाखवायला लाजतात. तुम्हीच विचारा. यावर उपचार आहेत. नसांच्या वेदनेवरची औषधे आहेत, स्टंप हळूहळू चोळणे-थोपटणे आहे, आणि 'मिरर थेरपी' आहे. चांगला पाय आरशासमोर हलवायचा आणि प्रतिबिंबात गेलेला पाय हलताना बघायचा. भारतीय वंशाचे मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत मांडली. कपाटाचा लांब आरसा पुरतो.

दुखणे स्टंपमध्येच असेल तर ते वेगळे, त्याला 'स्टंप पेन' म्हणतात. एका ठरावीक ठिकाणी दाबले की कळ जात असेल तर तिथे 'न्यूरोमा', म्हणजे कापलेल्या नसेच्या टोकाची गाठ असू शकते. डॉक्टरांना फक्त 'पाय दुखतो' असे न सांगता नसलेला भाग दुखतो की उरलेला, हे सांगा. दोन्हींचे उपचार निराळे आहेत.

कृत्रिम पायाचे भाग

'प्रोस्थेसिस' म्हणजे गेलेल्या अवयवाच्या जागी लावायचा कृत्रिम अवयव. 'ऑर्थोसिस' म्हणजे असलेल्या अवयवाला आधार देणारा पट्टा किंवा कॅलिपर. दोन्ही बनवणारा तज्ज्ञ तो 'प्रोस्थेटिस्ट अँड ऑर्थोटिस्ट'. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती आहे का, हे बेधडक विचारा.

आपल्याकडे प्रत्येक कृत्रिम पायाला 'जयपूर फूट' म्हणतात. खरे तर जयपूर फूट म्हणजे फक्त घोट्याखालचे पाऊल. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. पी. के. सेठी यांनी १९६८ मध्ये जयपूरला ते तयार केले. परदेशी 'सॅच फूट' बुटात घालण्यासाठी बनवलेले असते, त्याचा घोटा वळत नाही. जयपूर फूट रबरी आहे, भिजले तरी चालते, अनवाणी वापरता येते, आणि उकिडवे बसायला, ओबडधोबड रानात चालायला सोपे जाते. शेतकऱ्याला 'स्वस्तातले' म्हणून ते कमी लेखायला लावणाऱ्या विक्रेत्याला विचारा, तुमचे पाऊल उसाच्या सरीतल्या चिखलात किती दिवस टिकेल?

पावलापेक्षा महत्त्वाचा भाग म्हणजे 'सॉकेट'. स्टंप ज्यात बसतो ती वाटी. ती प्रत्येकाच्या मापाची घडवावी लागते. बीकेमध्ये 'पीटीबी सॉकेट' गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर मुख्य भार घेतो, तर 'टीएसबी सॉकेट' सगळ्या स्टंपवर भार वाटतो. सॉकेट बिघडले तर लाखाचे पाऊलही निरुपयोगी आहे. सॉकेट आणि त्वचा यांमधला मऊ थर म्हणजे 'लायनर', आणि पाय निसटू नये म्हणून केलेली सोय, मग तो पट्टा असो, पिन असो की हवेची पकड, ती 'सस्पेन्शन'. एकेमध्ये वेगळा 'नी जॉइंट' लागतो. तिथेच किमती हजारांतून लाखांत जातात. खासगी कंपनीच्या कोटेशनवर 'के-लेव्हल' असते. के-शून्य म्हणजे पाय लावूनही चालण्याची शक्यता नाही, के-एक म्हणजे घरापुरते, के-दोन म्हणजे गावात मर्यादित, के-तीन म्हणजे वेग बदलत कुठेही, के-चार म्हणजे खेळाडू. के-एकच्या आजोबांना के-तीनचा गुडघा विकला जात असेल तर तो खर्च वाया जातो.

टाके निघून जखम पूर्ण भरली, सूज उतरली की साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पहिला, तात्पुरता पाय बसवता येतो. मधुमेहात जास्त वेळ लागतो. स्टंप पुढे काही महिने बारीक होत राहतो, म्हणून कायमचा पाय त्यानंतर. सॉकेट सैल झाले की आधी जास्त जाडीचे स्टंप सॉक्स घाला, तरी भागले नाही तर नवीन सॉकेट लागेल. पहिल्या आठवड्यात पाय थोडा थोडा वेळच घाला आणि काढल्यावर त्वचा बघा. दहा-पंधरा मिनिटांत न जाणारी लाली, फोड किंवा जखम दिसली तर पाय घालणे बंद करून प्रोस्थेटिस्टकडे जा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने बुरशी होते. दुपारी एकदा पाय काढून स्टंप पुसा, लायनर रोज रात्री धुऊन सावलीत वाळवा.

पाय कुठे मिळतो? पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ मध्ये स्थापन झालेले. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे. शिवाय स्वयंसेवी संस्थांची मोफत शिबिरे तालुक्याच्या ठिकाणी भरतात. शिबिराचा पाय घ्यायला हरकत नाही, पण दुरुस्तीला कुठे यायचे हे तिथेच विचारून लिहून घ्या. महिन्याभराने सैल झालेला पाय खुंटीला टांगलेला पुष्कळ घरांत दिसतो.

हाताबद्दल थोडे

कृत्रिम हात पायाइतका काम करत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. 'कॉस्मेटिक' हात दिसण्यापुरता असतो. 'बॉडी-पॉवर्ड' हाताला खांद्याच्या हालचालीने ओढली जाणारी दोरी आणि पुढे आकडा असतो, तो शेतकामाला दणकट पडतो. 'मायोइलेक्ट्रिक' हात स्नायूंच्या विद्युतसंकेतांवर चालतो, महाग असतो आणि धूळ-पाण्याला नाजूक असतो. अंगठा वाचवण्याचा आटापिटा सर्जन का करतात? हाताच्या कामाचा सुमारे ४० टक्के वाटा एकट्या अंगठ्याचा असतो म्हणून.

कडबाकुट्टीत बोट किंवा हात तुटून वेगळा झाला तर तो फेकू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवू नका. जखमेवर कापड दाबून धरा, हात उंच ठेवा. तुटलेला भाग जोडण्याला 'रीप्लांटेशन' म्हणतात. मनगटाच्या वरचा, स्नायू असलेला भाग सुमारे सहा तासांत जोडावा लागतो, थंड ठेवलेल्या बोटाला जास्त सवड असते. इंदापूरहून पुण्याला जायलाच तीन तास जातात, म्हणून निघण्याआधी फोन करून मायक्रोसर्जरीचा सर्जन हजर आहे का, हे विचारा. चिरडलेला भाग पुष्कळदा जोडता येत नाही, पण तो निर्णय सर्जनला घेऊ द्या.

कागदावर काय लिहून घ्यावे

अपघात असेल तर 'एमएलसी' नोंद, म्हणजे पोलिसांना कळवलेली नोंद, झाली आहे का ते पाहा. शेतकरी कुटुंबातल्या माणसाला अपघातात एक अवयव गमवावा लागल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १ लाख रुपये, दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लवकर करावा लागतो. मधुमेहाने गेलेल्या पायाला ही योजना लागू नाही. दिव्यांग प्रमाणपत्र आणि 'यूडीआयडी' कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

आता पुन्हा डिस्चार्ज कार्डकडे. कामगारांच्या भरपाईच्या तक्त्यात गुडघ्याखालच्या स्टंपची लांबी ८.८९ सें.मी. आणि १२.७० सें.मी. अशी दिलेली आहे. हे विचित्र आकडे जुन्या साडेतीन आणि पाच इंचांचे आहेत. एमआयडीसीत किंवा साखर कारखान्यात कामावर असताना पाय गेला असेल तर नुसते 'बीके' पुरणार नाही. रुग्णालय सोडण्याआधी डॉक्टरांकडून कार्डवर चार गोष्टी लिहून घ्या: उजवा की डावा, कोणत्या हाडातून, सांध्यापासून स्टंपची लांबी किती सें.मी., आणि शस्त्रक्रियेचे कारण. कार्डाच्या तीन-चार झेरॉक्स काढा, मूळ प्रत कोणालाही देऊ नका.